आत सारताना बघ गो

परवा तू बंदोबस्ताला जाता जाता पाच मिनिटं घरी डोकावलीस. आईने सोलकढी गाळून ठेवली होती, ती उभ्याउभ्याच प्यायलीस. तेवढ्यात माझ्या चिरंजीवांनी हट्ट धरला, "मावशी, दाखव ना, एकदाच." तू हसलीस. मॅगझीन उतरवलंस, स्लाइड ओढून चेंबर बघितलंस, त्याला लांबून पिस्तूल दाखवलंस, मॅगझीन पुन्हा चढवलंस आणि आईशी बोलता बोलता कमरेच्या होल्स्टरमध्ये सारून दिलंस. डोळे आईच्या तोंडाकडे आणि हात आपला आपण खाली गेलेला. खट् असा आवाज झाला आणि तू निघालीससुद्धा.

तेव्हा मी काही बोलले नाही. आईच्या आणि पोराच्या देखत तुझा पाणउतारा करणं बरं दिसलं नसतं. पण तो खट् आवाज काही कानातून जाईना. म्हणून आज जेवणं आटोपल्यावर सोप्यावर बसून तुला लिहितेय. पार्सेत लाईट गेलीय, पाऊस धरलाय, आई आत पेंगतेय. नोकरीत तू उपनिरीक्षक आणि मी हवालदार, म्हणजे उद्या रस्त्यात भेटलीस तर सलाम मीच ठोकायचा. पण बहीण म्हणून मी नऊ वर्षांनी मोठी आहे, तेव्हा गुमान ऐकून घे.

पिस्तूल बाहेर काढायचं तुला वाळपईच्या प्रशिक्षणात शिकवलंय. उभं कसं राहायचं, पकड कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा, सगळं. चांदमारीवर किती गोळ्या निशाण्यावर बसल्या हे तू फोन करकरून सांगितलंस आणि आईने ते अर्ध्या गावाला सांगितलं. परत ठेवण्याबद्दल मात्र तुझ्या तोंडून एक अक्षर ऐकलं नाही. तुझ्या वयाची असताना मीही सांगितलं नसतं. ठेवण्यात कसलं आलंय कौतुक? सिनेमात तर ते दाखवतसुद्धा नाहीत. गोळी सुटली, गुंड पडला, की पुढच्या दृश्यात नायकाचे हात मोकळे.

पण बाये, सोळा वर्षांत माझ्या कानावर चुकून सुटलेल्या गोळीच्या जेवढ्या हकिगती आल्या, त्यांत काढताना सुटलेल्या थोड्या. ठेवताना, उतरवताना, साफ करताना, कुणाला तरी दाखवून झाल्यावर सुटलेल्याच जास्त. काढताना माणूस घाबरलेला असतो, सगळे डोळे-कान उघडे असतात. ठेवताना मन पुढे निघून गेलेलं असतं. चहा कुठे मिळेल, घरी कधी पोचू, साहेब काय म्हणतील. मनाने काम संपवलेलं असतं आणि हातात मात्र भरलेलं पिस्तूल तसंच असतं.

बाबांची आकडी आठवते तुला? माडावर चढताना कोयती कमरेच्या मागे त्या लाकडी आकडीत अडकवलेली असायची. वर जाऊन असोले पाडले की कोयती परत पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी घालायची. डावा हात माडाला मिठी मारलेला. उजव्या हाताची बोटं आधी आकडीचं लाकूड चाचपायची, मग पात्याची सपाट बाजू कमरेला लागायची, मग कोयती हळूहळू खाली, टेकेपर्यंत. आपण खालून ओरडायचो, "बाबा, आणि किती पाडणार?" उत्तर यायचंच नाही. आपल्याला वाटायचं वाऱ्यामुळे ऐकू जात नसेल. ऐकू जायचं गो. कोयती आकडीत टेकल्याशिवाय ते बोलायचेच नाहीत. एवढ्या वर्षांत वर असताना त्यांना एकदाही धार लागली नाही. पोटरीवर तो जो लांब व्रण आहे ना, तो खाली उतरल्यावरचा. जमिनीवर उभं राहून, शेजारच्या काकांशी नारळाच्या भावावरून हुज्जत घालत कोयती मागे सारत होते.

आता यंत्राचं सांगते. तुला ठाऊक आहे, तरी परत ऐक. चाप आंधळा असतो. बोट लागलं की दुसरं काही लागलं, त्याला कळत नाही. होल्स्टरच्या तोंडाशी शर्टाचं टोक, जाकिटाची नाडी, शिट्टीची दोरी, पिस्तुलाच्या मुठीला बांधलेली दोरी, नाहीतर होल्स्टरचाच तो अंगठ्याने उघडायचा पट्टा, यांतलं काहीही चापाच्या कडीत शिरलं की ते काठाशी अडकून वरच राहतं आणि पिस्तूल खाली जात राहतं. मग चाप ओढायला बोट लागतच नाही. तू ज्या जोराने खाली दाबतेस, तोच जोर चाप ओढतो. आणि नळी कुठे असते त्या वेळी? तुझ्या मांडीच्या, गुडघ्याच्या, पावलाच्या रेषेत. पट्टा-दोरीचं तरी क्वचित होतं. सगळ्यांत जास्त वेळा कडीत राहतं ते आपलंच बोट. होल्स्टरचा काठ त्याला चापावर दाबतो आणि माणूस म्हणतो, पिस्तूल आपोआप उडालं. आपोआप काही उडत नाही.

हत्यार बदललं की धोक्याची जागाही बदलते. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं 9 मिमी ऑटो पिस्तूल 1ए देशभरच्या पोलिसांकडे आहे. मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर, त्याचं हे आपल्याकडचं रूप, मॅगझीनमध्ये 13 राऊंड. त्याचा घोडा मागे चढलेला असला की चापाला थोडीशी ओढ पुरते. त्यामुळे चेंबरमध्ये राऊंड, घोडा चढलेला आणि सेफ्टी खाली, अशा अवस्थेत ते होल्स्टरमध्ये जाता कामा नये. जुन्या .38 रिव्हॉल्व्हरचं उलटं. घोडा खाली असताना चाप लांबलचक आणि जड ओढावा लागतो आणि ओढ बसेल तसा घोडा हळूहळू मागे उठतो. ही घोडा उठण्याची गोष्ट लक्षात ठेव, पुढे तिचं काम आहे. ग्लॉकला तर बाहेरून दिसणारा घोडाही नाही आणि वेगळी लावायची सेफ्टीही नाही. चापाच्या मधोमध एक छोटी पाती असते, तीच सेफ्टी. म्हणजे चाप नीट दाबला की सेफ्टी सुटलीच. रेनकोटची नाडीही तो नीटच दाबते.

ग्लॉकवरून आठवलं. 2004 साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ओरलँडो शहरात, अमली पदार्थविरोधी खात्याचा एक अधिकारी मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल सांगत होता. या खोलीत हे पिस्तूल हाताळण्याइतका तयार माणूस मी एकटाच, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि लगेच स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेतली. भरल्या खोलीसमोर. त्याची चित्रफीत जगभर फिरली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा पोट धरून हसले होते. परवा तू आमच्या पोराला पिस्तूल दाखवत होतीस तेव्हा तीच चित्रफीत डोळ्यांपुढे आली आणि हसू काही आलं नाही. पोराला मी समजावलंय, मावशीचं पिस्तूल आता बघायला मिळणार नाही. तो रुसलाय. रुसू दे.

तर मी कशी ठेवते ते सांगते. आधी थांबते. खरंच संपलंय का, आजूबाजूला कोण आहे, हे बघते. बोट कडीच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगाला ताठ चिकटलेलं. सेफ्टी लावते. डाव्या हाताने शर्ट, जाकीट, जे काही कमरेवर लोंबत असेल ते मुठीत गोळा करून छातीशी धरते आणि तो हात तिथेच ठेवते. मग मान खाली घालते आणि होल्स्टरच्या तोंडात बघते.

हो, बघते. यावरून शिकवणाऱ्या उस्तादांत दोन तट आहेत. काही म्हणतात, नजर समोरच हवी, हाताला जागा अंगवळणी पडली पाहिजे, खाली बघितलं की समोरचा डाव साधतो. ऐकायला बरं वाटतं. पण माझं म्हणणं असं, समोर अजून बघत राहायची गरज असेल तर पिस्तूल ठेवायची वेळच झालेली नाही. राहू दे हातात. आणि धोका टळला असेल तर मग खाली बघायला कसली भीती? मान खाली घातली म्हणून कुणी तुला कच्ची म्हणालं तर म्हणू दे. काढताना पाव सेकंदाला किंमत आहे. ठेवताना तू अख्खं मिनिट लावलंस तरी कुणाचं काही अडत नाही.

मग नळी आत. उजव्या हाताचा अंगठा घोड्यावर टेकवलेला. हळू. मध्ये काही लागलं, जरा जरी अडलं, तरी जोर लावायचा नाही. बाहेर काढायचं, बाजूला सुरक्षित दिशेला धरायचं, बघायचं काय आहे ते. सुईत दोरा जाईना म्हणून आपण सुईवर हातोडी मारतो का? आणि डाव्या हाताच्या बोटांनी होल्स्टरचं तोंड उघडून धरायचं, हे तर कधीच नाही. अगदी जुने, हुशार लोकही हे करताना मी बघितलेत. होल्स्टर लुळं पडलेलं असतं, तोंड मिटतं, म्हणून दोन बोटं घालून ते फाकवतात आणि भरलेली नळी त्याच बोटांवरून आत नेतात.

अंगठ्याचं का सांगते ते आता ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या भावजींनाही नाही.

नोकरीला लागून माझा दुसराच पावसाळा होता. रात्रीची नाकाबंदी, पाऊस असा की बॅटरीच्या उजेडात पाण्याचे नुसते पडदे. त्या रात्री मला .38 रिव्हॉल्व्हर दिलं होतं. हात केला तरी एक गाडी थांबेना, तशीच अंगावर येत राहिली. आम्ही बाजूला उड्या टाकल्या, मी रिव्हॉल्व्हर काढलं. गाडी पुढे जाऊन चिखलात रुतली. धावत जाऊन बघतो तर आत भजनाहून परतणारी मंडळी, एकाच्या मांडीवर पेटी, एकाने तबल्यावर स्वतःचा सदरा काढून पांघरलेला. ब्रेक लागलेच नव्हते. पेटीवाले म्हातारे हात जोडून म्हणाले, "बाय, आमचो देव बघता वरसून, तू मारू नको." आम्ही सगळे हसलो. भीती उतरल्यावर जे येतं ना, ते खदाखदा हसू.

त्या हसण्यात मी रिव्हॉल्व्हर कमरेला सारलं. खाली बघितलं नाही. अर्ध्यावर काहीतरी मऊसं लागलं. भिजलेलं कातडं असेल म्हणून मी आणखी दाबलं. आणि अंगठ्याखाली घोडा उठला.

किती उठला? भाताच्या दाण्याएवढा. पण उठला. माझा हात तिथल्या तिथे गोठला. आमच्या उस्तादांनी शिकवताना अंगठा घोड्यावर ठेवायची सवय अक्षरशः बोटांवर छडी मारून लावली होती आणि मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. तो अंगठा तिथे नसता तर मला काही कळलंच नसतं, मी तसंच दाबत गेले असते. हळूहळू वर घेतलं. रेनकोटच्या कमरेची नाडी, तिच्या टोकाला ते प्लॅस्टिकचं बटण असतं ना घट्ट करायचं, ते नेमकं चापाच्या कडीत जाऊन बसलं होतं. नळी माझ्या उजव्या पोटरीवर होती आणि पोटरीमागे, चिखलात बसून गाडीचं चाक बघत होता तो भजनी मंडळींतला दहा-बारा वर्षांचा पोरगा.

"काय झालं गो?" सोबतच्या बाईने विचारलं. "काय नाय, होल्स्टर भिजलंय," म्हटलं. सकाळी घरी आले आणि खुंटीवरच्या सगळ्या रेनकोटांच्या नाड्या कापल्या. माझ्या, बाबांच्या, आईच्या, तुझ्यासुद्धा. तू सातवीत होतीस. तुझ्या टोपीची गुलाबी नाडी कापली म्हणून तू शाळेत जाताना रडलीस आणि आईने मला येडी म्हटलं. तुझ्या टोपीचा आणि माझ्या कमरेचा काय संबंध? काहीच नाही. पण त्या दिवशी माझ्या हातात कात्री होती आणि थांबता येत नव्हतं.

या पावसाने होल्स्टरचंही वाटोळं होतं, तेही सांगून ठेवते. घाटावरच्यांना हे कळत नाही. आपल्याकडे जून लागला की चपलेला, पट्ट्याला, पेटीतल्या पाकिटाला हिरवी बुरशी चढते. कातडी होल्स्टर चार महिने ओलसर राहिलं की त्याचा काठ मऊ पडतो, आतल्या बाजूला दुमडतो आणि ती दुमड बरोबर चापापाशी येते. म्हणजे बाहेरचं काही नसतानाही होल्स्टरच चाप दाबू शकतं. तेव्हा रिकाम्या होल्स्टरचं तोंड दर आठवड्याला चिमटीत धरून बघ. सोडल्यावर तोंड पुन्हा गोल उघडं राहिलं पाहिजे. मिटलं, की ते होल्स्टर संपलं, मग ते कितीही भारी असो. चुलीपाशी वाळवू नकोस, कातडं आखडून वाकडंतिकडं होतं. आणि रात्रभर पिस्तूल ओल्या कातड्यात ठेवलंस तर सकाळी स्लाइडवर तांबूस ठिपके मिळतील, तेव्हा शस्त्रागारातला कोतवाला जे बोलेल ते निमूट ऐकावं लागेल. हल्ली कडक प्लॅस्टिकसारखी होल्स्टरं मिळतात, त्यांचं तोंड मिटत नाही, चापावर नीट कवच असतं. मिळालं तर तेच माग.

मागशील तेव्हा तुझ्या कमरेला लागतं का ते बघून घे. पट्टे आणि होल्स्टरं पुरुषांच्या सरळ कमरेच्या मापाने बनतात. आपली कमर खाली रुंद होते, त्यामुळे होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि मूठ बरगडीत घुसते. शिवाय आपला पट्टा पुरुषांपेक्षा वर बसतो, म्हणून पिस्तूल आत घालताना कोपर काखेपर्यंत उचलावं लागतं, मनगट वाकडं होतं, आणि वाकड्या मनगटाने नळी होल्स्टरच्या तोंडावर सरळ येत नाही. काठाला घासते. मग बाई धक्का देते. मला सुरुवातीची दोन वर्षं वाटायचं, मीच वेंधळी. पट्ट्यापासून थोडं खाली आणि थोडं बाहेर लोंबणारं होल्स्टर मिळालं तेव्हा कळलं, वेंधळं ते माप होतं. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .32 रिव्हॉल्व्हर काढलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात आणि ठेवायला दागिन्यांसारखी पेटी. मी ते वाचून आईला म्हटलं, पेटी राहू दे, त्याऐवजी आमच्या कमरेला बसेल असं होल्स्टर दिलं असतं तर जास्त दागिना वाटला असता.

आता जरा आतलं. हे तुला कुणी उस्ताद सांगणार नाही, कारण उस्ताद पुरुष असतात.

बंदोबस्तावर मुतारीला गेल्यावर पिस्तुलाचं काय करायचं? हसू नकोस. पेडण्याच्या पुनवेला तुझी ड्यूटी लागेल. भगवतीच्या देवळापाशी ते दोन दगडी हत्ती असतात, तिथपासून माणसांचा समुद्र, रात्रभर तरंगं, लोटालोटी. पहाटे दोनला तुला कुणाच्या तरी घरचं न्हाणीघर गाठावं लागेल. आत अंधार, जमीन ओली, खुंटी एकच. पट्टा सोडला की होल्स्टरसकट पिस्तूल खाली ओढलं जातं. घाबरून बाया ते होल्स्टरमधून काढतात आणि टाकीवर, खिडकीत, खुंटीवर ठेवतात. मग बाहेरून कुणी दार वाजवतं, घाईघाईत ओल्या हाताने, अंधारात, अर्धवट बांधलेल्या पट्ट्यात ते परत घालायचं. किंवा त्याहून वाईट, तिथेच विसरायचं. एका ठाण्यात एकीचं असं झालं होतं. घरच्या म्हातारीने ते टॉवेलात गुंडाळून आणून दिलं म्हणून नोकरी राहिली.

म्हणून होल्स्टरमधून काढायचंच नाही. अख्खा पट्टा होल्स्टरसकट, होल्स्टरची पट्टी बंद असतानाच सोडायचा आणि गळ्यात अडकवायचा. चांगलं दिसत नाही, पण बघायला कोण येतंय? पिस्तूल जितक्या कमी वेळा हाताळशील तितकं बरं. घरी, लाईनीत, कुठेही कमरेवरून उतरवायचं झालं तर होल्स्टरसकट उतरव. घालतानाही पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये, टेबलावर, भिंतीकडे नळी करून, सावकाश. मग होल्स्टर कमरेला. म्हणजे सारताना तुझी मांडी मध्ये येतच नाही. खाली करायचं, भरायचं ते ठाण्याच्या त्या वाळूच्या पेटीत नळी रोखून. पेटी लांब आहे म्हणून कंटाळा करू नकोस.

साध्या कपड्यांत असशील तेव्हा पर्समध्ये टाकायचा मोह होईल. ओढणीमुळे कमरेला काही बांधता येत नाही हे मला मान्य आहे. पण पर्समध्ये सुटं पिस्तूल म्हणजे किल्ल्या, पेन, कंगवा, सगळं चापाशी खेळणारं. 2014 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका मोठ्या दुकानात एक आई मुलांना घेऊन खरेदी करत होती. पर्स ट्रॉलीत, शेजारी दोन वर्षांचा मुलगा बसलेला. पिस्तुलाचा कप्पाही वेगळा होता, चेन असलेला. मुलाने ती उघडली. आई जागच्या जागी गेली. याच्यापुढे मला काही लिहवत नाही. तू आपल्या घरी येतेस तेव्हा तुझी पर्स उचलून आत नेऊन ठेवायला कोण धावतं, ते तुला ठाऊक आहे.

आणि कमरेला नुसतं खोचायचं तर नावच काढू नकोस. न्यूयॉर्कचा एक नावाजलेला अमेरिकन फुटबॉलपटू, प्लॅक्सिको बरेस, 2008 साली पिस्तूल पँटीत खोचून नाइटक्लबात गेला. ते घसरलं, त्याने सावरायला हात घातला आणि गोळी मांडीतून गेली. मग तुरुंगही झाला. पडणारं पिस्तूल झेलायला जायचं नसतं, पडू द्यायचं असतं. पण हात ऐकत नाही, ताटातून लाडू घरंगळला तरी आपण झेलायला जातोच.

आपल्याकडचं नट गोविंदाचं तर ठाऊकच आहे. 1 ऑक्टोबर 2024, जुहूच्या घरी, पहाटे पावणेपाचच्या सुमारास. कोलकात्याला निघायची गडबड होती. परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं त्याच्या व्यवस्थापकाने सांगितलं. गुडघ्याच्या खाली लागली, रुग्णालयात ती काढली, तीन दिवसांनी तो घरी गेला. लोकांनी त्यावर किती विनोद केले. मला मात्र त्यातलं एकच दिसलं: पहाट, विमानाची घाई आणि आवरून ठेवण्याचं काम. आवरतानाच माणसाचं लक्ष नसतं गो. भाताचं तपेलं चुलीवर असताना कुणाला भाजत नाही, उतरवतानाच भाजतं.

त्यापेक्षा ती आपली राही सरनोबत बघ. कोल्हापूरची पोरगी, 2018 च्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण. त्या खेळात होल्स्टरच नसतं. नेमबाजी संपली की पिस्तूल रिकामं करायचं, नळी निशाण्याकडे ठेवून टेबलावर टेकवायचं आणि चेंबरमध्ये भडक रंगाची पट्टी घालायची, म्हणजे लांबूनही कळावं की आत काही नाही. सुवर्ण मिळालं तरीसुद्धा हेच. मला तिच्या नेमापेक्षा त्या ठेवण्याचं जास्त अप्रूप वाटतं, पण ते टीव्हीवर कुणी दाखवत नाही.

सराव कसा करायचा, हा तुझा प्रश्न मला माहीतच आहे. खऱ्या पिस्तुलाने घरी नाही. रविवारी सुट्टी आहे ना तुझी? पिस्तूल कोतमध्ये जमा करून ये, नुसता पट्टा आणि रिकामं होल्स्टर घेऊन ये. चिरंजीवांचं दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल मी माळ्यावरून काढून ठेवलंय. त्यात टिकली भरू, कडीत एक नाडी अडकवू आणि तू ते आईशी बोलता बोलता परवासारखं आत सार. काय होतं ते तुझ्याच कानांनी ऐक. मग तेच वीस वेळा मान खाली घालून, हळू.

आणि येताना तुझा तो नवीन खाकी रेनकोट विसरू नकोस. त्याच्या कमरेला नाडी आहे, मी परवा बघितली. कात्री माझ्याकडे आहे.